चित्र आणि चित्राची नोंद : संग्रहालयासाठी प्रतिमा-व्यवस्थापन आज्ञावलीची निवड

विसाव्या शतकाच्या आरंभी पोलादाचा कारखाना काढण्याच्या खटपटीत असलेले दोराबजी टाटा मध्यप्रांताच्या अधिकाऱ्यांना भेटण्यासाठी नागपूरला आले होते. भेटीला अवकाश होता, म्हणून ते सचिवालयासमोरच्या वस्तुसंग्रहालयात गेले. तेथे टांगलेल्या मध्यप्रांताच्या भूशास्त्रीय नकाशात दुर्ग जिल्ह्याचा काही भाग गडद रंगाने दाखविलेला होता. तो रंग लोहखनिजाचा निदर्शक होता. भूशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी या प्रदेशाची पाहणी पूर्वीच केली होती. नकाशाच्या आधाराने दोराबजी आणि त्यांचे सहकारी सी. एम. वेल्ड यांनी त्या भागाचा शोध घेतला आणि दल्ली-राजहराच्या टेकड्यांतील समृद्ध खनिज त्यांच्या दृष्टीस पडले. टाटा घराण्याच्या इतिहासात ही हकीकत नेहमी सांगितली जाते. टाटांचा कारखाना पुढे साकची येथे, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, उभा राहिला. परंतु सुमारे अर्धशतकानंतर याच टेकड्यांच्या खनिजावर भिलाईचा पोलाद कारखाना सुरू झाला.

या हकीकतीत संग्रहालयाच्या दृष्टीने महत्त्वाचा असा एक मुद्दा आहे. भिंतीवरच्या त्या चित्राबरोबर त्याची माहितीही होती. रंगाचा अर्थ, जिल्ह्याचे नाव आणि पाहणीचा आधार या गोष्टी नकाशापासून अलग झालेल्या नव्हत्या. ती माहिती नसती, तर त्या गडद ठिपक्याकडे पाहून कोणालाही काही बोध झाला नसता. संग्रहालयातील प्रत्येक प्रतिमेची स्थिती अशीच असते. आज प्रतिमा भिंतीऐवजी संगणकात ठेवल्या जातात आणि त्यांची व्यवस्था आज्ञावलीकडे, म्हणजे सॉफ्टवेअरकडे, सोपविली जाते. तेव्हा अशी आज्ञावली निवडताना पहिला प्रश्न हा असला पाहिजे की, चित्र आणि त्याची नोंद ती किती काळ एकत्र ठेवू शकेल, आणि ती स्वतः नाहीशी झाल्यावर त्या दोहोंचे काय होईल.

आज्ञावलीचे कार्य

संग्रहालयात दोन प्रकारच्या नोंदी असतात. पहिली नोंद वस्तूची. मूर्ती, नाणे किंवा यंत्राचा भाग संग्रहालयात कधी आला, कोणाकडून आला, त्याचे मोजमाप काय आणि तो कोणत्या कपाटात आहे, हे दाखल-नोंदवहीत लिहिले जाते. दुसरी नोंद प्रतिमेची. एकाच मूर्तीची समोरून, बाजूने, दुरुस्तीपूर्वी आणि दुरुस्तीनंतर घेतलेली अनेक छायाचित्रे असू शकतात. पहिले काम करणाऱ्या आज्ञावलीला संग्रह-व्यवस्थापनाची आणि दुसरे काम करणारीला प्रतिमा-व्यवस्थापनाची आज्ञावली म्हणतात. काही आज्ञावली दोन्ही कामे करतात. त्या वेगळ्या असल्यास वस्तूचा दाखल-क्रमांक हाच त्यांच्यातील दुवा असतो. म्हणून तो क्रमांक दोन्हीकडे अक्षरशः सारखा असला पाहिजे.

प्रतिमा-व्यवस्थापनाच्या आज्ञावलीकडून पाच कामांची अपेक्षा असते. तिने प्रतिमा सुरक्षित ठेवावी. प्रतिमेची माहिती नोंदवावी. शोधणाऱ्याला ती मिळवून द्यावी. कोणी काय पाहावे आणि कोणी काय बदलावे यावर नियंत्रण ठेवावे. आणि मागणीनुसार छपाईसाठी, प्रदर्शनासाठी किंवा संकेतस्थळासाठी योग्य आकाराची प्रत काढून द्यावी. विक्रेते बहुधा पाचव्या कामाचे प्रात्यक्षिक दाखवितात, कारण ते डोळ्यांना सुखावते. संग्रहालयाचे हित मात्र पहिल्या दोन कामांवर अवलंबून असते.

भिलाईचे उदाहरण

भिलाईसारख्या औद्योगिक नगरीच्या इतिहासाचे संग्रहालय मांडावयाचे ठरले, तर त्याच्यापुढे कोणत्या प्रतिमा येतील, याचा विचार उद्बोधक ठरेल. या कारखान्यासंबंधीचा भारत-सोव्हिएत करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. त्या वेळी हा प्रदेश ज्या मध्यप्रदेश राज्यात होता, त्याची राजधानी नागपूर होती; १ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळ झाली आणि १ नोव्हेंबर २००० पासून भिलाई छत्तीसगढ राज्यात आहे. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी केले. आरंभीची १० लाख टनांची क्षमता पुढे २५ लाख आणि नंतर ४० लाख टनांपर्यंत वाढविण्यात आली. भारतीय रेल्वेचे रूळ येथे तयार होतात.

एवढ्या इतिहासातूनच प्रतिमांचे अनेक प्रकार निर्माण होतात. बांधकामाच्या काळातील कृष्णधवल निगेटिव्ह आणि त्यांचे ठसे, रशियन भाषेतील मथळे असलेली आरेखने, समारंभांची छायाचित्रे, खाणींचे नकाशे, कामगार-वसाहतींतील कुटुंबांनी जपलेले अल्बम आणि अलीकडची डिजिटल छायाचित्रे, असा हा संग्रह असेल. समारंभाच्या छायाचित्रातील राष्ट्रपतींना कोणीही ओळखेल. त्यांच्यामागे उभ्या असलेल्या कामगारांची नावे सांगू शकणारी माणसे मात्र आज ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. त्या चेहऱ्यांची ओळख अद्याप कागदावर उतरलेली नसेल, तर ती त्यांच्या स्मरणात तेवढी आहे. यंत्राची खरेदी एक वर्ष पुढे ढकलली तरी चालते. स्मरणातील माहिती तशी थांबत नाही. म्हणून आज्ञावली येण्याची वाट न पाहता नावे, स्थळे आणि वर्षे साध्या वहीत किंवा तक्त्यात उतरवून घेण्यास प्रारंभ करणे हेच अशा प्रकल्पातील पहिले काम होय.

निवडीपूर्वीची तयारी

आज्ञावली पाहण्यापूर्वी संग्रहालयाने तीन गोष्टी कागदावर निश्चित कराव्यात. पहिली गोष्ट क्रमांकाची. प्रत्येक प्रतिमेला एकच कायमचा क्रमांक असावा आणि फाइलचे नाव त्याच क्रमांकावरून ठेवावे. क्रमांकात विषय किंवा कपाटाचे नाव गुंफू नये, कारण विषयाची कल्पना आणि कपाटाची जागा या दोन्ही गोष्टी बदलत असतात.

दुसरी गोष्ट रकान्यांची. शीर्षक, छायाचित्रकार, दिनांक, स्थळ, चित्रातील व्यक्ती, वर्णन, मूळ प्रत कोठे आहे, कोणाकडून मिळाली आणि हक्क कोणाचा, एवढे रकाने आरंभी पुरतात. डब्लिन कोअर या नावाचा नोंदीचा जागतिक प्रघात अमेरिकेतील डब्लिन गावी १९९५ साली भरलेल्या बैठकीतून निघाला. त्याचे मूळ रकाने केवळ १५ आहेत. सत्तर रकान्यांपैकी साठ रिकामे ठेवणाऱ्या नोंदीपेक्षा दहा रकाने पूर्ण भरलेली नोंद अधिक उपयोगाची असते. 'ही माहिती कोणी सांगितली' हा एक रकाना मात्र आवर्जून ठेवावा. छायाचित्राच्या पाठीवर लिहिलेले नाव, निवृत्त कामगाराने ओळखलेले नाव आणि चेहरे ओळखणाऱ्या यंत्राने सुचविलेले नाव यांची विश्वसनीयता सारखी नसते. यंत्राची सूचना ही सूचना म्हणूनच नोंदवली पाहिजे.

तिसरी गोष्ट शब्दांची. एकच वस्तू एका नोंदीत 'झोतभट्टी', दुसरीत 'धमनभट्टी' आणि तिसरीत 'ब्लास्ट फर्नेस' अशी आली, तर शोधणाऱ्याला एक-तृतीयांश चित्रेच मिळतील. यासाठी मान्य शब्दांची यादी करावी आणि इतर रूपे त्या शब्दाला जोडावीत. दुर्ग हे नाव जुन्या इंग्रजी कागदपत्रांत 'ड्रग' असे लिहिलेले आढळते. हे माहीत नसलेल्या वाचकालाही दोन्ही रूपांतील नोंदी मिळाव्यात, अशी सोय आज्ञावलीत असली पाहिजे.

प्रतिमांचा आकार

साठवणुकीचा अंदाज साध्या गणिताने काढता येतो. आठ इंच रुंद आणि दहा इंच लांब छायाचित्राची इंचाला ६०० बिंदू या प्रमाणात प्रत घेतली, तर ४,८०० गुणिले ६,००० म्हणजे २ कोटी ८८ लाख बिंदू होतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी तीन बाइट धरल्यास एका चित्राला सुमारे ८६ मेगाबाइट जागा लागते. अशी १०,००० चित्रे म्हणजे सुमारे ८६० गिगाबाइट. त्यांच्या तीन प्रती ठेवावयाच्या, तर अडीच टेराबाइटांहून अधिक जागा हवी. एवढी जागा आज लहान संस्थेलाही परवडते. परंतु माहितीजालावर भाड्याने घेतलेल्या साठवणुकीचे भाडे दरमहा, वर्षानुवर्षे द्यावे लागते, हे अंदाजपत्रकात धरले पाहिजे.

जतनासाठीची मूळ प्रत सामान्यतः टिफ प्रकारात आणि वापरासाठीची प्रत जेपेग प्रकारात ठेवली जाते. जेपेग पद्धतीत आकार लहान करण्यासाठी चित्रातील काही सूक्ष्म तपशील गाळले जातात आणि ते पुन्हा मिळत नाहीत. म्हणून आज्ञावलीने मूळ प्रतीला कधीही हात लावता कामा नये. कापणे, उजळ करणे, पाणचिन्ह घालणे हे सारे वापरप्रतीवर व्हावे. आज्ञावली मूळ प्रत न सांगता जेपेगमध्ये बदलत असेल, तर तिचे इतर गुण पाहण्याचे कारण उरत नाही.

भाषेची कसोटी

भारतीय संग्रहालयाला एक कसोटी विशेष काळजीने लावावी लागते. हिंदी प्रदेशातील अनेक कार्यालयांत वर्षानुवर्षे कृतिदेवसारख्या टंकांत मजकूर लिहिला गेला. महाराष्ट्रातही असे अनेक टंक प्रचलित होते. या टंकांत पडद्यावर देवनागरी आकार दिसले, तरी संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमन अक्षरांचाच असतो. त्यामुळे टंक बदलला की मजकूर निरर्थक होतो आणि शोधही लागत नाही. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा संकेत आहे. देवनागरी, रशियन आणि रोमन या तिन्ही लिप्या एकाच नोंदीत नांदू शकतील, अशी आज्ञावली भिलाईच्या संग्रहाला हवी. जुन्या टंकांतील याद्या तिच्यात घेण्यापूर्वी युनिकोडमध्ये रूपांतरित करून तपासाव्या लागतील.

युनिकोडमध्येही एक बारकावा आहे. हिंदीत राज्याचे नाव 'छत्तीसगढ़' असे लिहितात. त्यातील शेवटचे नुक्ता असलेले अक्षर संगणकात दोन प्रकारे साठविता येते : एकाच संकेताने, किंवा 'ढ' आणि नुक्ता अशा दोन संकेतांनी. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. परंतु सदोष आज्ञावलीला ते दोन भिन्न शब्द वाटतात. तेव्हा विक्रेत्यासमोर राज्याचे नाव दोन्ही प्रकारे नोंदवावे आणि एका प्रकाराने शोधून दोन्ही नोंदी येतात की नाही, हे पाहावे. त्याशिवाय मराठीतील 'छत्तीसगड' आणि 'छत्तीसगढ' ही रूपे शब्दयादीने जोडावी लागतील. पाच मिनिटांच्या या परीक्षेने माहितीपत्रकाच्या अनेक पानांइतके ज्ञान होते.

उपलब्ध पर्याय

आज्ञावलींचे ढोबळ मानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग सार्वजनिक संस्थांनी तयार केलेल्या आज्ञावलींचा. भारतातील ठळक उदाहरण म्हणजे पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, निर्माण केलेली 'जतन' ही आज्ञावली. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाने राष्ट्रीय पातळीवरील दहा संग्रहालयांच्या डिजिटल नोंदीसाठी तिचा अवलंब केला. नवी दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय, कोलकात्याचे भारतीय संग्रहालय आणि व्हिक्टोरिया स्मारक, हैदराबादचे सालारजंग संग्रहालय, अलाहाबाद संग्रहालय, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या दिल्ली, मुंबई आणि बंगळूर येथील शाखा, तसेच भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची गोवा आणि नागार्जुनकोंडा येथील संग्रहालये यांचा त्यांत समावेश होता. अनेक संग्रहालयांनी एकाच पद्धतीने नोंदी केल्यामुळे त्यांतील वस्तू एका सामाईक संकेतस्थळावर शोधणे शक्य झाले. एकाच नमुन्याचा हा मोठा लाभ होय.

या लाभाचे महत्त्व छत्तीसगढच्याच एका उदाहरणावरून कळते. महानदीकाठच्या सिरपूर येथे १९३९ साली बौद्ध कांस्यमूर्तींचा एक संच सापडला. त्यातील काही मूर्ती रायपूरच्या महंत घासीदास स्मारक संग्रहालयात आहेत, काही अन्यत्र गेल्या आणि एक सुंदर तारामूर्ती अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या कलासंग्रहालयात आहे. विखुरलेल्या मूर्ती पुन्हा एका छताखाली येणे कठीण असते; परंतु प्रत्येक ठिकाणची प्रतिमा आणि नोंद एकमेकींशी जुळणारी असेल, तर अभ्यासकाला तो संच एकत्र पाहता येईल.

दुसरा वर्ग मुक्तस्रोत आज्ञावलींचा. यांची मूळ संहिता कोणालाही पाहता, वापरता आणि बदलता येते. ऑक्सफॅम या संस्थेच्या गरजेतून निघालेली रिसोर्सस्पेस, संग्रहालये व अभिलेखागारांसाठी असलेली कलेक्टिव्हअ‍ॅक्सेस आणि अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात तयार झालेली ओमेका ही त्यांची उदाहरणे आहेत. पहिलीचा भर प्रतिमांच्या व्यवस्थेवर, दुसरीचा वस्तूंच्या तपशीलवार नोंदीवर आणि तिसरीचा संकेतस्थळावरील प्रदर्शनावर आहे. त्यांना परवाना-शुल्क नसते; तथापि त्या बसविणारा, अद्ययावत ठेवणारा आणि बिघाड दुरुस्त करणारा जाणकार लागतो. त्याचे वेतन हीच त्यांची किंमत होय. तिसरा वर्ग व्यापारी आज्ञावलींचा. त्यांत साहाय्य तत्पर मिळू शकते. परंतु शुल्क दरवर्षी द्यावे लागते आणि ते थांबल्यावर नोंदींचे काय होते, हे करारातच पाहावे लागते. कोणता वर्ग श्रेष्ठ, याचे सर्वांना लागू पडणारे उत्तर नाही. संग्रहालयात किती माणसे आहेत, त्यांची बदली किती वर्षांनी होते आणि नियमित अनुदान किती, यांवर ते अवलंबून असते.

बाहेर पडण्याची वाट

इंग्लंडमध्ये १०८६ साली राजाज्ञेने झालेल्या जमीन-पाहणीचा ग्रंथ डूम्सडे या नावाने प्रसिद्ध आहे. त्याच्या नवशताब्दीनिमित्त १९८६ साली बी.बी.सी.ने दहा लाखांहून अधिक लोकांच्या सहभागातून तशाच स्वरूपाचा एक संग्रह छायाचित्रांसह तयार केला आणि तो लेसर-तबकड्यांवर नोंदविला. त्या तबकड्यांना खास यंत्रे लागत. पंधरा-सोळा वर्षांत ती यंत्रे दुर्मीळ झाली आणि संग्रह वाचण्यासाठी संशोधकांना विशेष प्रयत्न करावे लागले. नऊशे वर्षांपूर्वीचा चर्मपत्रावरील ग्रंथ मात्र वाचता येत होता.

अलीकडचे उदाहरण पिकासा या लोकप्रिय आज्ञावलीचे आहे. गूगल कंपनीने २०१६ साली तिला दिलेला आधार काढून घेतला. ज्यांचे मथळे जेपेग फाइलींच्या आतच लिहिले गेले होते, ते मथळे चित्रांबरोबर दुसऱ्या आज्ञावलीत जाऊ शकले. अल्बमांची रचना मात्र पिकासाच्या स्वतःच्या नोंदींत असल्यामुळे ती आपोआप बरोबर येत नव्हती. आज्ञावली बंद पडणे हा अपघात नसून तिच्या आयुष्याचा स्वाभाविक शेवट आहे. त्यामुळे खरेदीपूर्वीच दोन गोष्टी मागाव्यात. सर्व नोंदी सीएसव्ही किंवा एक्सएमएल अशा खुल्या प्रकारांत, क्रमांकांसह, संग्रहालयाला स्वतः केव्हाही काढून घेता आल्या पाहिजेत. आणि महत्त्वाची माहिती आयपीटीसी किंवा एक्सएमपी या रूढ पद्धतीने फाइलीच्या आतही लिहिता आली पाहिजे.

सुरक्षितता आणि हक्क

दिल्लीच्या राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयाला २६ एप्रिल २०१६ रोजी आग लागली आणि संग्रहाची मोठी हानी झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयावर संगणकीय हल्ला झाला. त्याची ग्रंथसूची जानेवारी २०२४ पर्यंत वाचकांना पडद्यावर शोधता येत नव्हती. एक संकट आगीचे, दुसरे संगणकाच्या तारेतून आलेले. खबरदारी दोन्हींसाठी एकच. प्रत्येक प्रतिमेच्या तीन प्रती असाव्यात, त्या किमान दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या गावी, संगणक-जालापासून तोडलेली असावी. शिवाय प्रत्येक फाइलीची गणिती अंकमुद्रा काढून ठेवावी. फाइलीतील एक बिंदू जरी बदलला, तरी ही मुद्रा बदलते. ठरावीक काळाने मुद्रा पडताळण्याचे काम आज्ञावलीने स्वतः करावे.

हक्कांची नोंद हाही सुरक्षिततेचाच भाग आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचा हक्क सर्वसाधारणपणे छायाचित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. शासनाच्या आणि सार्वजनिक उपक्रमांच्या कृतींसाठी प्रकाशनापासून ६० वर्षांची मुदत आहे. कारखान्याच्या छायाचित्रकाराने काढलेले चित्र आणि कामगाराच्या घरच्या अल्बममधील चित्र यांची स्थिती त्यामुळे भिन्न ठरते. कुटुंबाने चित्र पाहण्यासाठी दिले की छापण्यासाठी, हेही त्याच वेळी लेखी घ्यावे आणि आज्ञावलीने त्याप्रमाणे प्रवेश मर्यादित करावा.

प्रत्यक्ष परीक्षा

अंतिम निवड प्रात्यक्षिकावरून करू नये. संग्रहातील शंभर चित्रे घ्यावीत : काही निगेटिव्ह, काही आरेखने, काही बिननावाची, काही रशियन मथळ्यांची. दोन-तीन आज्ञावलींत ती महिनाभर नोंदवावीत. नोंदणीचे काम तज्ज्ञाने न करता पुढे जो लिपिक ते रोज करणार आहे, त्यानेच करावे. त्याला एका नोंदीस किती वेळ लागतो, वीज गेल्यावर अर्धवट नोंद राहते की जाते, आणि ज्याने हे चित्र कधी पाहिले नाही त्याला ते शोधून मिळते का, हे लिहून ठेवावे. अखेरीस शंभरही चित्रे नोंदींसह बाहेर काढून दुसऱ्या आज्ञावलीत घालावीत. जेवढी माहिती या प्रवासात गळेल, तेवढी ती आज्ञावली धोक्याची समजावी.

भिलाईत पहिली झोतभट्टी पेटली, त्या दिवसाची छायाचित्रे शंभर वर्षांनंतर पाहणाऱ्याला आजची आज्ञावली कोणती होती, याच्याशी कर्तव्य असणार नाही. भट्टीसमोर उभा असलेला माणूस कोण, तो कोणत्या गावाहून आला आणि तेथे काय काम करीत होता, हे त्याला हवे असेल. ते त्याला सांगता यावे, यासाठी आजची निवड करावयाची आहे.